दंडाची पावती आणि गावाची तिजोरी : अमेरिकेतील वाहतूक दंडाचा इतिहास



सिग्नल तोडल्याचे ई-चलान मोबाइलवर आले की आपण आधी रक्कम पाहतो. मग फोटो उघडून गाडी आपलीच आहे ना याची खात्री करतो, आणि त्यानंतर सवलतीत तडजोड कधी होईल याची वाट पाहत बसतो. हे पैसे शेवटी कोणाच्या खात्यात जातात, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. या टिपणात आपण तोच एक प्रश्न धरून सुमारे शंभर वर्षांचा इतिहास पाहणार आहोत.

हा इतिहास अमेरिकेचा आहे. कारण साधे आहे. दंड ठोठावणारा, तो योग्य की अयोग्य हे ठरवणारा आणि ती रक्कम खर्च करणारा, हे तिघे एकाच इमारतीत, कधी कधी एकाच खुर्चीत बसले तर काय होते, हे तिथे अगदी स्पष्ट दिसते. तिथले न्यायालयीन निकाल, हिशेब आणि चौकशी अहवाल सर्वांसाठी खुले आहेत, त्यामुळे अभ्यासालाही सोयीचे. मी वाहतूक अभियांत्रिकी शिकवतो, इतिहासाचा प्राध्यापक नाही. त्यामुळे मध्येच रस्त्यावरच्या पाटीविषयी आणि वेगमर्यादेविषयी जरा जास्त बोललो तर चालवून घ्या.

पोलीस कोणाचे?

आधी एक फरक नीट समजून घ्या, नाहीतर पुढचे सगळे विचित्र वाटेल. आपल्याकडे राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार पोलीस हा राज्यांचा विषय आहे. पुण्याच्या चौकात उभा असलेला वाहतूक हवालदार पुणे महापालिकेचा नोकर नसतो, तो राज्य शासनाचा असतो. अमेरिकेत तसे नाही. तिथे शहराचे, काउंटीचे (म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या घटकाचे), राज्याचे आणि संघराज्याचे असे वेगवेगळे पोलीस असून सगळ्या यंत्रणा मिळून त्यांची संख्या सुमारे १८ हजार भरते. हजार-दोन हजार वस्तीच्या गावालाही स्वतःचे पोलीस दल, स्वतःचे नियम आणि पुष्कळ राज्यांत स्वतःचे न्यायालय ठेवता येते. पोलिसांचा पगार गाव देते. गावाकडे पैसे नसतील तर ते कुठून आणायचे, हेही गावानेच पाहायचे.

वाहनचालकांना पकडण्यासाठी सापळा लावणे हे मोटारीइतकेच जुने आहे. ब्रिटनमध्ये १९०३ च्या कायद्याने ताशी २० मैलांची मर्यादा घातली गेली आणि पोलीस स्टॉपवॉच घेऊन झाडाझुडपांआड बसू लागले. त्यांच्यापासून सभासदांना सावध करण्यासाठी १९०५ मध्ये मोटारमालकांची संघटना निघाली. तिचे स्वयंसेवक सायकलवरून फिरत आणि पुढे पोलीस असल्याचे सांगत. १९१० मध्ये न्यायालयाने हे पोलिसांच्या कामात अडथळा आणणे आहे असे ठरवले. तेव्हा संघटनेने युक्ती बदलली. एरवी स्वयंसेवक सभासदाला सलाम करी. सलाम केला नाही, की पुढे धोका आहे असे समजायचे. सलाम न करणे हा काही गुन्हा ठरवता येईना! पण ब्रिटनची ही गोष्ट पोलीस आणि चालक यांच्यातल्या लपंडावाची आहे. दंडावर गाव चालवण्याची गोष्ट अमेरिकेत घडली.

महापौराचे बारा डॉलर

ओहायो राज्यात गावाचा महापौर स्वतःच किरकोळ गुन्ह्यांचा न्यायनिवाडा करी. त्याला 'महापौरांचे न्यायालय' म्हणत. दारूबंदीच्या काळात नॉर्थ कॉलेज हिल नावाच्या गावात एड ट्यूमी नावाच्या माणसाला बेकायदा दारू बाळगल्याबद्दल उभे केले गेले. दारू या गावात सापडली नव्हती, त्याच काउंटीतल्या दुसऱ्या गावात सापडली होती. तरीही कायद्याने या महापौराला संपूर्ण काउंटीवर अधिकार दिला होता. त्याने १०० डॉलर दंड केला. दंडाचा अर्धा भाग गावाला मिळायचा. शिवाय खटल्याच्या खर्चापोटी १२ डॉलर थेट महापौराला मिळाले. आरोपी निर्दोष ठरला असता तर महापौराला यातले काहीच मिळाले नसते.

हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९२७ मध्ये सरन्यायाधीश टाफ्ट (हे आधी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते) यांनी निकाल दिला, की ज्याला दोषी ठरवण्यात स्वतःचा फायदा आहे, अशा माणसापुढे खटला चालणे म्हणजे न्याय्य प्रक्रिया नव्हे. खटला दारूचा होता, वाहतुकीचा नव्हता. पण महापौरांच्या त्याच न्यायालयांत पुढे मोटारचालकांची रांग लागली, म्हणून आपल्यासाठी तो महत्त्वाचा.

'तळे राखील तो पाणी चाखील' ही म्हण आपण सहज वापरतो आणि सोडून देतो. या निकालाने त्यातला अर्धाच भाग बंद केला. महापौराने स्वतः पाणी चाखू नये, एवढेच निश्चित झाले. त्याने सगळ्या गावासाठी घागरी भरल्या तर? पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, ओहायोच्याच झेनिया शहराचे प्रकरण आले. तिथल्या महापौराचा पगार ठरलेला होता आणि प्रत्यक्ष कारभार दुसऱ्या अधिकाऱ्याकडे होता. न्यायालयाने ते मान्य केले. मधली वाट मोकळी राहिली आणि ती जवळजवळ पंचेचाळीस वर्षे मोकळीच होती.

ती अडवली मनरोव्हिल या गावाच्या प्रकरणाने. वॉर्ड नावाच्या चालकाला दोन वाहतूक गुन्ह्यांसाठी प्रत्येकी ५० डॉलर दंड झाला होता. या प्रकरणात गावाचा जमाखर्चच न्यायालयापुढे आला. १९६४ मध्ये गावाचे एकूण उत्पन्न ४६,३५५ डॉलर होते आणि त्यातले २३,५८९ डॉलर महापौरांच्या न्यायालयातून आले होते. म्हणजे निम्म्याहून जास्त. पुढच्या काही वर्षांतही हा वाटा तिसऱ्या हिश्शाच्या खाली गेला नाही. महापौर एक पैसाही घरी नेत नव्हता. पण गावाच्या तिजोरीची जबाबदारी त्याच्यावर होती आणि निकालही त्यालाच द्यायचा होता. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेही अमान्य केले.

या दोन्ही निकालांत न्यायालयाने काय तपासले, याकडे लक्ष द्या. न्यायासनावर कोण बसला आहे, एवढेच. रस्त्यावर उभा राहून कोणाला थांबवायचे हे जो ठरवतो, त्याच्या डोक्यावर तिजोरीचे किती ओझे आहे, याचा विचार झाला नाही. गावांनी महापौराच्या जागी वेगळा दंडाधिकारी बसवला, पगारी आणि बहुधा अर्धवेळ. गाडी पुन्हा सुरू झाली. ओहायोत महापौरांची न्यायालये आजही आहेत.

पाटीचा खेळ

आता थोडे माझ्या विषयाचे. रस्त्यावर वेगमर्यादा किती ठेवायची, हे ठरवण्याची एक रूढ पद्धत आहे. मोकळ्या वाहतुकीत वाहनांचे वेग मोजायचे, ते चढत्या क्रमाने लावायचे आणि शंभरातली पंच्याऐंशी वाहने ज्या वेगाने किंवा त्याहून हळू जातात, तो वेग काढायचा. याला ८५ वा शततमक म्हणतात. मर्यादा याच्या आसपास असावी, असे आपल्या पाठ्यपुस्तकांतही असते. त्यामागचे गृहीतक असे, की बहुसंख्य चालक वेडे नसतात, रस्ता पाहून ते बऱ्यापैकी योग्य वेग धरतात. शाळा, बाजार, वस्ती असेल तर मर्यादा त्याहून खाली आणावी लागते, हे खरेच. या पद्धतीवर अलीकडे टीकाही होते आणि तीही बरोबर आहे, कारण पादचाऱ्याचा विचार तिच्यात मुळातच नाही. पण आपल्या विषयासाठी एक गोष्ट पुरेशी आहे. एखाद्या सरळ, रुंद रस्त्यावर कारण नसताना मर्यादा या वेगाच्या बरीच खाली लावली, तर जवळपास प्रत्येक चालक गुन्हेगार ठरतो. मग कोणाला पकडायचे हा फक्त निवडीचा प्रश्न उरतो.

ओहायोतल्या कोलंबस शहराच्या पश्चिमेला न्यू रोम नावाचे गाव होते. नाव रोम, पण २००० च्या जनगणनेत लोकसंख्या ६०! राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४० चा एक लहानसा तुकडा या गावातून जात असे. तिथे ताशी ४५ मैलांची मर्यादा एकदम ३५ वर येई. साठ माणसांच्या या गावात एका काळी चौदा पोलीस होते, बहुतेक अर्धवेळ. दंडाचे वार्षिक उत्पन्न सुमारे ४ लाख डॉलर होते आणि त्यातला मोठा भाग त्याच पोलीस दलावर खर्च होई. म्हणजे पोलीस दंड करण्यासाठी आणि दंड पोलिसांसाठी. मर्यादा मोडली नाही तर नंबरप्लेटवरचा दिवा, काचेची तडा अशी कारणे असतच.

महाराष्ट्रात वाढलेल्यांना शहराच्या वेशीवरचा जकात नाका आठवत असेल. बाहेरून येणाऱ्या मालावर शहर कर घेई. न्यू रोम हा तसाच एक नाका होता, फरक एवढाच की त्याने जकातीला शिक्षेचे नाव दिले होते. आणि पैसे भरणाऱ्याला त्या गावात मत नव्हते.

शेवटी राज्याच्या परिवहन खात्याने २००३ मध्ये ती ३५ ची मर्यादा योग्य नसल्याचे ठरवून ती ४५ केली. राज्याने छोटी, कारभार बिघडलेली गावे विसर्जित करण्याची तरतूद करणारा कायदा केला. २००४ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने न्यू रोम हे गावच बंद झाले आणि शेजारच्या प्रशासकीय घटकात विलीन झाले.

मिझुरी राज्याने वेगळा उपाय केला. तिथल्या मॅक्स क्रीक या गावातून पर्यटकांचा रस्ता जाई आणि गावाच्या उत्पन्नाचा बहुतांश भाग त्यांच्या दंडातून येई. १९९५ मध्ये राज्याने कायदा केला, जो त्या गावाच्याच नावाने ओळखला जातो. गावाला वाहतूक दंडातून एकूण उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांपर्यंतच रक्कम ठेवता येईल, त्यावरची रक्कम शाळांसाठी राज्याकडे द्यावी लागेल. मॅक्स क्रीक १९९८ मध्ये दिवाळखोरीत गेले आणि २०१२ मध्ये गाव म्हणून त्याचे अस्तित्व संपले. कायद्याची टक्केवारी पुढे ३५, मग ३० वर आणली गेली.

मी वर्गात हे सांगितले की विद्यार्थी हसतात. साठ माणसांचे गाव, चौदा पोलीस, नाव रोम. पण यापुढची गोष्ट हसण्यासारखी नाही.

फर्ग्युसन

मिझुरीतच सेंट लुइस शहराला लागून त्याच नावाची काउंटी आहे. तिच्यात २०१४ च्या सुमारास ९० स्वतंत्र नगरपालिका आणि ८१ नगर न्यायालये होती. काही पालिका एक हजार वस्तीच्याही खाली. विसाव्या शतकाच्या मध्यात गोऱ्या कुटुंबांनी मुख्य शहर सोडून बाहेर वस्त्या केल्या, त्यांना स्वतंत्र पालिका करून घेतले आणि घरे व जमिनीचे नियम असे ठेवले की इतरांना तिथे येणे कठीण व्हावे. पुढे कृष्णवर्णीय कुटुंबे तिथे आली तेव्हा गोरी कुटुंबे आणखी बाहेर सरकली. मागे राहिल्या त्या पालिका, त्यांची दले, त्यांची न्यायालये. उत्पन्न मात्र आटत गेले.

कर वाढवावा तर तेही सोपे नव्हते. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात मालमत्ता कराला जनमताने लगाम घातला गेला आणि ती लाट देशभर पसरली. १९८० मध्ये मिझुरीच्या घटनेत दुरुस्ती होऊन मतदारांची मंजुरी घेतल्याशिवाय कर वाढवण्यास बंदी आली. दंड हा कर नव्हे. त्याला मतदारांची मंजुरी लागत नाही. अर्थसंकल्प जुळवणाऱ्या अधिकाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. विक्रीकर घटतो आहे, मालमत्ता कर वाढवता येत नाही, पोलिसांचा पगार द्यायचा आहे. सगळे दरवाजे बंद, एक खिडकी उघडी.

फर्ग्युसन ही याच काउंटीतली सुमारे २१ हजार वस्तीची पालिका. ९ ऑगस्ट २०१४ रोजी तिथे एका पोलीस अधिकाऱ्याने मायकल ब्राउन आणि त्याच्या मित्राला रस्त्याच्या मधून चालताना हटकले. काही मिनिटांत अठरा वर्षांचा, निःशस्त्र ब्राउन गोळ्या लागून मरण पावला. शहर पेटले. अमेरिकेच्या न्याय विभागाने दोन वेगळे अहवाल दिले. गोळीबाराच्या अहवालात त्या अधिकाऱ्यावर खटला भरण्याइतका पुरावा नसल्याचे म्हटले. दुसरा अहवाल संपूर्ण पोलीस दलाच्या कामाविषयी होता आणि तो ४ मार्च २०१५ रोजी प्रसिद्ध झाला. आपल्या विषयासाठी तो मूळ दस्तऐवज आहे. ज्यांना जमेल त्यांनी तो मुळातून वाचावा.

त्यातले आकडे असे. २०१० च्या आर्थिक वर्षात फर्ग्युसनच्या सर्वसाधारण निधीत ११.०७ दशलक्ष डॉलर जमा झाले, त्यातले १.३८ दशलक्ष दंड आणि शुल्काचे होते. २०१५ च्या अंदाजपत्रकात एकूण १३.२६ दशलक्षांपैकी ३.०९ दशलक्ष दंडातून येतील असे धरले होते. पाच वर्षांत दुपटीहून अधिक. मी 'धरले होते' हा शब्द मुद्दाम वापरतो. गुन्हे व्हायच्या आधीच त्यांचे उत्पन्न अंदाजपत्रकात लिहिले गेले होते.

मार्च २०१० मध्ये वित्त अधिकाऱ्याने पोलीस प्रमुखांना पत्र लिहून कळवले, की पावत्या फाडण्याचे प्रमाण लक्षणीय वाढले नाही तर पुढच्या वर्षी वसुली वाढवणे अवघड जाईल, आणि विक्रीकरात तूट येत असल्याने ही बाब लहान नाही. २०१३ मध्ये त्याच अधिकाऱ्याने लिहिले, की पोलीस दहा टक्के वाढ देऊ शकतील का असे प्रमुखांना विचारले असून त्यांनी प्रयत्न करू असे सांगितले आहे. कारखान्यातल्या उत्पादनाविषयी बोलावे तसे. एका थांब्यात जास्तीत जास्त पावत्या कोण देतो, याची काही पोलिसांमध्ये स्पर्धा चाले, असेही चौकशीत पुढे आले.

हे कोणावर पडत होते? लोकसंख्येत कृष्णवर्णीय ६७ टक्के. २०१२ ते २०१४ या काळात थांबवलेल्या वाहनांत ८५ टक्के, पावत्यांत ९० टक्के, अटकेत ९३ टक्के. रस्त्यात चुकीच्या पद्धतीने चालण्याच्या गुन्ह्यात ९५ टक्के. न्यू रोमने निदान बाहेरच्यांना लुटले. फर्ग्युसनने आपल्याच रहिवाशांपैकी ज्यांचा आवाज सर्वांत कमी होता, त्यांना गाठले.

अहवालातले एक उदाहरण मी दर वर्षी सांगतो. एका स्त्रीने २००७ मध्ये एकदा, एकाच ठिकाणी, गाडी चुकीची उभी केली. दोन पावत्या मिळाल्या, १५१ डॉलर दंड आणि वर शुल्क. ती अडचणीत होती, मध्ये काही काळ तिला राहायला घरही नव्हते. तारखेला हजर न राहणे किंवा हप्ता चुकणे यासाठी तिच्यावर सात वेळा नवा गुन्हा लागला, आणि प्रत्येक वेळी अटक वॉरंट निघाले, नवा दंड चढला. दोनदा अटक झाली, सहा दिवस तुरुंगात काढावे लागले. तिने एकदा २५ आणि एकदा ५० डॉलर पाठवून पाहिले. न्यायालयाने ते परत केले, कारण पूर्ण रक्कम नव्हती. डिसेंबर २०१४ पर्यंत तिने ५५० डॉलर भरले होते आणि तरीही ५४१ डॉलर बाकी होते. आपल्या आजीच्या पिढीने सावकाराचे व्याज पाहिले आहे. त्यांना हा हिशेब समजावून सांगावा लागला नसता.

२०१३ या एका वर्षात त्या न्यायालयाने ९,००० हून अधिक वॉरंट काढली. पुन्हा सांगतो, शहर २१ हजारांचे.

आता गणित करून पाहा. ३.०९ भागिले १३.२६. उत्तर २३ टक्क्यांच्या जरा वर येते. त्या वेळी मिझुरीतली मर्यादा ३० टक्के होती. म्हणजे दंडावर गावे चालू नयेत म्हणून केलेला कायदा फर्ग्युसनने मोडलाच नव्हता. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा आकडा आहे. १९२७ आणि १९७२ च्या निकालांनी न्यायासन तपासले, १९९५ च्या कायद्याने टक्केवारी तपासली. वित्त अधिकाऱ्याचे पोलीस प्रमुखाला जाणारे पत्र यातल्या कशातच अडकत नव्हते.

अहवालानंतर मिझुरीने २०१५ मध्ये मर्यादा २० टक्क्यांवर आणली, सेंट लुइस काउंटीतल्या पालिकांसाठी तर १२.५ टक्क्यांवर. किरकोळ वाहतूक गुन्ह्यांच्या दंडाच्या रकमेलाही कमाल मर्यादा घातली. पालिका न्यायालयात गेल्या. एकाच काउंटीसाठी वेगळा नियम हा घटनेत न बसणारा विशेष कायदा आहे, असे म्हणून २०१७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १२.५ ची तरतूद रद्द केली. २० टक्के राहिले.

पण पोलीस उभे राहिले की अपघात कमी होतात, त्याचे काय?

हा प्रश्न वर्गात हमखास येतो आणि तो टाळता येणार नाही. आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन रस्त्यावर वेग मोजायला जातो. परावर्तक जॅकेट घालून, हातात वही घेऊन आम्ही उभे राहिलो, की लांबूनच गाड्या हळू होतात. लोकांना आम्ही 'मामा' वाटतो. आमची निरीक्षणे बिघडतात आणि शेवटी झाडामागे उभे राहून मोजावे लागते, अगदी १९०५ च्या त्या पोलिसांसारखे. धाकाचा परिणाम होतो, हे मला कोणी सांगायची गरज नाही.

अर्थशास्त्रज्ञांनी हे नीट तपासले आहे. गॅरेट आणि वॅग्नर यांनी नॉर्थ कॅरोलायनातल्या काउंट्यांचे अनेक वर्षांचे आकडे २००९ मध्ये मांडले. महसूल घटला की पुढच्या वर्षी पावत्या वाढतात, पण महसूल वाढला तरी पावत्या कमी होत नाहीत. लागलेली सवय सुटत नाही. त्याच वर्षी माकोव्स्की आणि स्ट्रॅटमन यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या पावत्या पाहिल्या. परगावच्या चालकाला दंड होण्याची शक्यता जास्त, आणि गावाने करवाढीला मतदानात नकार दिला असेल तर आणखी जास्त. इथपर्यंत सगळे आपल्या कथेला धरून आहे. पण २०११ मध्ये याच दोघांनी दाखवले, की पैशाच्या अडचणीतून वाढलेल्या पावत्यांनीही अपघात कमी होतात. हेतू तिजोरी भरण्याचा असला तरी चालकाचा पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला जातोच.

तेव्हा दंडाचा पैसा वाईट, असे सरळ म्हणून मोकळे होता येत नाही. मला स्वतःला प्रश्न असा वाटतो, की हा फायदा मिळवण्यासाठी पोलीस कुठे उभे केले जातात. अपघात होतात त्या वळणावर की पावत्या मिळतात त्या उतारावर? दोन्ही जागा एकच असतील तर भांडण नाही. आणि पोलिसांचे तास मोजकेच असतात. गोल्डस्टाइन, सॅन्सेस आणि यू यांच्या २०२० च्या अभ्यासात, दंड आणि शुल्कावर जास्त अवलंबून असलेल्या शहरांत हिंसक गुन्ह्यांचा छडा लागण्याचे प्रमाण कमी आढळले.

आपल्याकडे

अमेरिकेची नक्कल आपल्याकडे झाली आहे, असे समजू नका. इथली रचना वेगळी आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २०० खाली तडजोडीने भरलेला दंड शासनाकडे जातो, आणि घटनेच्या अनुच्छेद २६६ नुसार राज्याचा महसूल राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतो. चौकीला किंवा नगरपालिकेला तो परस्पर खर्च करता येत नाही. केरळसारख्या राज्यात काही वाटा रस्ता सुरक्षा निधीकडे वळवला जातो. आपल्या राजकारणाचा ओढाही उलटा दिसतो. १ सप्टेंबर २०१९ पासून दंडाच्या रकमा वाढल्या तेव्हा गुजरातने बऱ्याच रकमा कमी केल्या आणि महाराष्ट्राने वाढीव दंड डिसेंबर २०२१ पर्यंत लागूच केले नाहीत. इथे दंड भरणाऱ्याला मत असते आणि तो त्याच राज्यात राहतो.

तरी मनरोव्हिलचा प्रश्न इथेही विचारण्याजोगा आहे. चुकीच्या जागी उभी केलेली गाडी उचलून नेण्याचे काम काही शहरांत खासगी कंत्राटदाराकडे असते. त्याला मोबदला महिन्याचा मिळतो की उचललेल्या प्रत्येक गाडीमागे, यावर तो कोणत्या गल्लीत जास्त फिरेल हे ठरते.

पुढच्या तासिकेसाठी दोन कामे. पहिले, टोइंगच्या पावतीची प्रत मिळवा (घरातल्या कोणाची तरी सापडेलच) आणि तिच्यावर दंड किती व टोइंगचे शुल्क किती हे वेगळे लिहून आणा. दुसरे, तुमच्या राज्याच्या अर्थसंकल्पात मोटार वाहन दंडाची जमा कोणत्या शीर्षाखाली दाखवली आहे ते शोधा, आणि पुढच्या वर्षासाठी किती रक्कम 'धरली' आहे तेही. आधीच्या तीन वर्षांचे प्रत्यक्ष आकडे मिळाले तर त्यांचा आलेख काढून आणा.